गोळी आणि नळी यांमधील फट

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या पुळणीवरून चालत कुलाबा किल्ल्यात जाणारी मंडळी बहुधा गणपतीचे दर्शन घेतात, पुष्करणी पाहतात आणि भरतीच्या धाकाने लगबगीने परततात. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यापाशी उभे राहून छायाचित्र काढून घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यावरील अक्षरे वाचणारे थोडे. त्या अक्षरांत इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्याचे आणि तेथील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचे नाव आहे. म्हणजे या तोफा कान्होजी आंग्र्यांच्या काळच्या नव्हेत. कान्होजी १७२९ साली वारले आणि लो मूरची भट्टी पेटली ती त्यानंतर साठ वर्षांनी. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि हात हलवीत ते परत गेले, त्या वेळी तटावर धडाडल्या त्या तोफा निराळ्या.

तोफ पाहिली की माणूस विचारतो, ती केवढी लांब, किती जड, गोळा कोठवर जात असे? तिच्या तोंडात कोणता गोळा बसत असे आणि तो किती घट्ट बसत असे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही मात्र हेच विचारतो. याचे कारण आमच्या धंद्यात आहे. कामगार संघटनेचे काम अंगावर घेण्यापूर्वी आमची उमेदीची वर्षे लेथवर गेली. भोक आणि त्यात बसणारा दांडा यांचे जमणे म्हणजेच आमच्या यंत्रशाळेची निम्मी विद्या. दांडा सैल झाला तर खडखडतो, घट्ट झाला तर अडकतो. आणि या दोहोंच्या मधली जी जागा, ती डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना कळते आणि गेजला कळते. पुढे ग्रंथालयांतून इतिहासाची पुस्तके जमतील तशी वाचू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले, की शस्त्रांच्या इतिहासातही याच अदृश्य फटीने मोठमोठे उत्पात केले आहेत. आजचे व्याख्यान त्या फटीविषयी आहे.

या किनाऱ्याला तोफा आल्या त्या चारी दिशांनी. चौल-रेवदंड्यास पोर्तुगीज होते, जंजिऱ्यास सिद्दी, आत निजामशाही. अहमदनगरास १५४९ साली रूमी कारागिराने ओतलेली मुलूखमैदान आज विजापुरास आहे. जंजिऱ्याची कलालबांगडी आपल्या सर्वांच्या परिचयाची. पण तिच्या जोडीला त्या किल्ल्यात परदेशी बनावटीच्याही तोफा पडून आहेत. कोणती विकत आणलेली, कोणती लढाईत मिळालेली, कोणती फुटक्या गलबतातून उचललेली. याचा अर्थ असा, की एकाच तटावर दहा तोफा असल्या तर त्यांची तोंडे दहा मापांची. गोळे घडविणाऱ्याला प्रत्येक तोफेचे माप वेगळे ठेवावे लागे. गोळा थोडा मोठा झाला तर तो आत जात नाही, किंवा निम्म्यावर अडकून तोफच फोडतो. म्हणून सर्वत्र एकच शहाणपण रूढ झाले: गोळा थोडा लहानच ठेवावा. फट राहिली तरी चालेल, तोफ फुटता कामा नये. या फटीतून दारूचा जाळ गोळ्याच्या पुढे निसटतो आणि जोर वाया जातो, हे गोलंदाजांना ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणून ते दारू अधिक घालीत. दारूची निगा मात्र आपल्याकडे उत्तम ठेवीत. आठा-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलेलेच आहे. आमच्या दमट किनाऱ्यावर या आज्ञेचे मोल किती, हे पावसाळ्यात मीठ साठविणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

तोफेचे जे, तेच हातातल्या बंदुकीचे. तोड्याची असो की गारेची, तिची नळी आतून गुळगुळीत असे. तोंडातून दारू ओतायची, वरून शिशाची गोळी टाकायची, गजाने ठासायची. कोकणात अजून हिला ठासणीची बंदूक म्हणतात आणि पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ती आजही काही घरांत टांगलेली आढळते. इंग्रजांच्या ज्या बंदुकीने हिंदुस्थानातील बहुतेक लढाया जिंकल्या, तिच्या नळीचे भोक सुमारे ०.७५ इंचाचे आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची. आमच्या मापात दीड मिलिमीटरची फट! यंत्रशाळेत एवढा सैल दांडा कोणी आणून दिला तर फोरमन तो भंगारात टाकील. ती गोळी नळीतून सरळ जात नसे; इकडच्या भिंतीवर आपटत, तिकडच्या भिंतीवर आपटत ती बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे वळे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे दारू फुकट घालविणे, हे त्या काळचे लष्करी अधिकारीच सांगत. म्हणून तर शिपायांना ओळीत उभे करून एकदम बार काढावयास लावीत.

गोळी अशी का भरकटते, हे शास्त्राने प्रथम उलगडले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने. १७४२ साली त्याने गोलंदाजीच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. लंबकावर गोळी झाडून लंबक किती हलतो त्यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ती त्याची. नळीला आतून फिरते आटे पाडले तर गोळी स्वतःभोवती ठरलेल्या दिशेने फिरते आणि म्हणून सरळ जाते, हेही त्याने मांडले. जे राष्ट्र ही विद्या पुरती हस्तगत करील त्याला इतरांवर वर्चस्व मिळेल, असे त्याचे भाकीत होते. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य एंजिनिअर म्हणून मद्रास किनाऱ्यावर आला आणि १७५१ साली तेथेच मरण पावला. त्याच्या भाकिताचे फळ याच देशात शंभर वर्षांनी पिकावे, हा योगायोग खराच.

आट्यांची नळी तेव्हा नवी नव्हती. जर्मन शिकारी आणि अमेरिकेतील वसाहतवाले ती वापरीतच होते. अडचण निराळी होती. आटे गोळीला धरून ठेवणार तर गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. आणि घट्ट गोळी तोंडातून आत घालावयाची म्हणजे हातोडीचे काम. शिकारी तेलात भिजविलेली चिंधी नळीच्या तोंडावर ठेवून तिच्यात गोळी गुंडाळीत. चिंधी आट्यांत रुतते, गोळीला धरते आणि फटही बुजविते.

अशी नवी नळी हाती आली तर जाणकार तिची परीक्षा कशी घेतो, ते थोडे सांगण्यासारखे आहे. कारण पुढची सगळी कथा याच परीक्षेभोवती फिरते. प्रथम तो मऊ शिशाचा तुकडा तेल लावून रिकाम्या नळीतून गजाने ढकलतो. बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीचा ठसा उमटलेला असतो. उंचवटे किती, खाचा किती खोल, सर्व मोजून घेता येते. मग उंचवट्यांच्या मापापेक्षा किंचित लहान गोळी साच्यात ओततो आणि फरक भरून निघेल अशा जाडीचे कापड निवडतो. पाच-सात बार एकाच निशाणावर, बंदूक टेकवून, दर खेपेस तितकीच दारू मोजून काढतो. गोळ्या निशाणाच्या मध्यभागी लागल्या की नाहीत, हे तो आधी पाहतच नाही. त्या एकमेकींच्या जवळ लागल्या का, एवढेच पाहतो. जवळजवळ लागल्या असतील तर माशी इकडेतिकडे सरकवून नेम दुरुस्त करणे हा हातचा मळ. पसरल्या असतील तर दोष गोळीच्या बसण्यात आहे आणि माशी सरकवून काही उपयोग नाही. मग तो समोर पडलेल्या चिंध्या गोळा करतो. चिंधी जळालेली असेल तर फट जास्त. कापलेली असेल तर नळीच्या तोंडाची धार बोचते. नुसती काळी झालेली, शाबूत असेल तर मेळ जमला. आणि शेवटची गोष्ट, जी उतावळे लोक विसरतात: ही परीक्षा स्वच्छ नळीत एकदा घेऊन भागत नाही. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळीच्या रूपाने घन राहतो. दहाव्या, विसाव्या बारालाही गोळी तितक्याच सहजतेने उतरते का, हा खरा प्रश्न. ज्या हवेत ती बंदूक वापरावयाची, त्याच हवेत तो विचारावा लागतो. समुद्रकाठच्या ओलसर हवेत काजळी मऊ राहते; कोरड्या उन्हात ती दगडासारखी होते.

सैन्याला चिंधी आणि हातोडीचा थाट परवडणारा नव्हता. पन्नास वर्षे युरोपातील कारागीर एकाच कोड्याशी झटत होते: आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट, अशी गोळी कशी करावी? फ्रान्समध्ये देल्व्हीनने गजाने गोळी ठेचून फुगविली. मग बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी निघाली; दारूचा भडका त्या पोकळीत शिरतो आणि शिशाची कड फुगून आट्यांत बसते. याचे श्रेय फ्रेंच कप्तान मिनिए याला मिळाले आणि ब्रिटिश सरकारने त्याला २०,००० पौंड मोजले. बर्मिंगहॅमचा बंदूकवाला ग्रीनर हीच कल्पना १८३५ च्या सुमारास घेऊन सरकारदारी गेला होता. त्याला पुढे हजार पौंडांवर वाटेला लावले.

यातून १८५३ ची एनफील्ड रायफल जन्मास आली. नळीचे भोक ०.५७७ इंच, तीन आटे, लांबी ३९ इंच. आट्यांचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांत. म्हणजे गोळी नळीत केवळ अर्धा वेढा घेते, पण बाहेर पडताना तिचा वेग एवढा असतो, की ती सेकंदाला सुमारे १४० फेरे घेत जाते. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, आणि तिचा व्यास ०.५६८ इंच. दीड मिलिमीटरची फट पाव मिलिमीटरच्याही खाली आली. तीन केस शेजारी शेजारी ठेवावेत, एवढीच. याच बळावर शंभर यार्डांची बंदूक अनेकशे यार्डांची झाली.

पण एवढी लहान फट ठेवली की काजळीला जागा उरत नाही. गोळी सरकावी म्हणून तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण लावणे भाग होते. चरबी आणि मेण यांचे मिश्रण. त्यात चरबी फार, मेण थोडे. शिपायाने काडतुसाचे टोक दातांनी तोडावे, दारू नळीत ओतावी, काडतूस उलटे करून वंगणाचा भाग तोंडात बसवावा आणि ठासावे, अशी कवायत होती. १८५७ च्या काडतुसांची हकीकत आपण शाळेत धर्मभावनेची हकीकत म्हणून शिकलो. ती तशी होतीच. परंतु चरबी तेथे आली कशासाठी, हे कोणी शिकवीत नाही. ती आली ती इंचाच्या नऊ सहस्रांश फटीसाठी.

या काडतुसांची हिंदुस्थानात परीक्षा झाली नव्हती असे नाही. झाली होती, आणि ती मोठी उद्बोधक आहे. १८५३ साली विलायतेहून वंगण लावलेली काडतुसे इकडे पाठविण्यात आली. फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून येथे पहाऱ्यावरच्या देशी शिपायांच्या पडतळ्यांत ती महिनोन्महिने ठेवून उष्णतेने वंगण बिघडते का, हे पाहिले. १८५५ साली अहवाल गेला. म्हणजे हवा तपासली, वंगण तपासले, कागद तपासला. ज्याच्या कमरेला ते काडतूस बांधले त्या माणसाला मात्र कोणी काही विचारले नाही. अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर याने त्याच वेळी लिहून कळविले होते, की या वंगणात देशी लोकांच्या जातिधर्माला बाधक असे काही नाही, याची खात्री झाल्याखेरीज ती देशी पलटणींस देऊ नयेत. पत्र दप्तरात गेले. पुढे कलकत्त्यास काडतुसे तयार होऊ लागली तेव्हा चरबी कोणत्या जनावराची असावी, याची कसलीही अट कंत्राटदारास घातलेली नव्हती. स्वस्त मिळेल ती चरबी!

जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या कारखान्यातील एका खलाशाने एका उच्चवर्णीय शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नाकारले. त्यावर खलाशी म्हणाला ते सर्वांना ठाऊक आहे: तुझी जात आता राहते किती दिवस! लोकपरंपरा या खलाशाला मातादीन म्हणते. सरकारी कागदांत तो नुसता खलाशी. आम्हां कामगारांच्या दृष्टीने या प्रसंगातील मुद्दा असा, की साहेबांना जे सांगता आले नसते किंवा सांगावयाचे नव्हते, ते काडतुसे वळणाऱ्या हातांना माहीत होते. मालात काय घातले जाते ते माल करणाऱ्याला ठाऊक असते. त्याला विचारण्याची पद्धत तेव्हाही नव्हती.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत कोपऱ्यात पडलेली असते. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली ती एनफील्डची नव्हतीच. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची होती. २४ एप्रिलला मेरठला ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली, तीही जुन्याच पद्धतीची. वंगण शिपायांनी स्वतः लावावे, दातांऐवजी हातांनी फाडावे, अशा सवलतीही तोवर जाहीर झालेल्या होत्या. यावरून काही पंडित असा निष्कर्ष काढतात, की शिपाई अडाणी अफवेला बळी पडले. आम्हांला हे पटत नाही. संपाच्या वाटाघाटींत ज्याने दिवस घालविले आहेत त्याला ठाऊक आहे, की कायद्याने, पगाराने, भत्त्याने, अपमानाने विश्वास एकदा उडाला म्हणजे शेवटचा कागद कितीही निर्दोष असला तरी त्यावर सही होत नाही. त्या ८५ जणांना ९ मे रोजी साऱ्या पलटणींसमोर बेड्या ठोकल्या. पुढे काय झाले ते सांगावयास नको.

गंमत अशी, की गोऱ्या सैन्यालाही ती गोळी त्या वर्षी पुरती साथ देईना. उन्हात वंगण वितळून कागदात जिरे, काजळी कडक होई आणि ०.५६८ ची गोळी निम्म्यावर अडके. इंग्लंडात नेमबाजीची शाळा होती ती केंट परगण्यातील हाइथ येथे, समुद्राच्या काठी. त्या ओल्या वाऱ्यात जी गोळी लोण्यासारखी उतरली, तिला दिल्लीकडील उन्हाची परीक्षा द्यावयाची राहिली होती. त्यात भर म्हणजे त्या वेळच्या रायफली बर्मिंगहॅम-लंडनच्या कारागिरांनी कंत्राटावर हाताने जुळविलेल्या. एनफील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रांवर एकसारखे सुटे भाग निघू लागले ते त्याच सुमारास. नळ्यांच्या मापांत फरक, गोळ्यांच्या साच्यांत फरक, आणि जागा मात्र तीन केसांची. अखेर गोळी ०.५५ इंचावर आणली, बुडाशी लाकडाची गुडदी बसवून ती जास्त फुगेल अशी सोय केली आणि वंगणाचे प्रमाण उलटे करून मेण अधिक, चरबी थोडी केली. हाच बदल चार वर्षे आधी, शिपायाच्या शब्दावर, करता आला असता.

आपल्या मुंबई इलाख्याने या विद्येत एक विक्षिप्त माणूस दिला. जॉन जेकब हा मुंबईच्या तोफखान्यातील अधिकारी, तेव्हा इलाख्यात असलेल्या सिंध प्रांताच्या सरहद्दीवर, आजच्या जेकबाबादेस होता. त्याने पदरच्या पैशाने वर्षानुवर्षे वाळवंटात गोळ्या झाडून पाहिल्या. चार खोल आटे आणि त्यांत बसतील असे चार कंगोरे असलेली गोळी त्याने ठरविली आणि २,००० यार्डांपर्यंत मारा करून दाखविला. त्याची गोळी आधीच आट्यांच्या आकाराची, म्हणून भडक्याने फुगण्यावर भिस्त नव्हती. १८५८ साली त्याच्या नावाची रायफल पलटण उभी राहिली आणि त्याच डिसेंबरात तो वारला. ज्या उन्हात बंदूक वापरावयाची त्याच उन्हात ती पारखणारा माणूस म्हणून आम्हांला त्याचे कौतुक आहे. तो कोणाचे राज्य पक्के करीत होता, हे विसरून नव्हे.

आता या कथेतील जो भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. १८५७ शमल्यावर देशी पलटणींना कोणती बंदूक द्यावयाची, असा प्रश्न आला. उत्तर निघाले ते असे: एनफील्डच द्यावी, परंतु तिची नळी आतून कोरून आटे काढून टाकावेत आणि भोक ०.६५६ इंचाचे करावे. बाहेरून तीच बंदूक. तोच दस्ता, तोच घोडा, तेच लोखंड. आत मात्र फिरून गुळगुळीत नळी आणि सैल गोळी. पुढच्या आवृत्तीत दूरचा नेम धरण्याची पायरीपायरीची पट्टीही काढून तेथे साधा ठोकळा बसविला. ज्या बंदुकीची गोळी दूर जाऊन लागणारच नाही तिला पट्टी कशाला? पन्नास वर्षे झटून जी फट बुजविली, ती विचारपूर्वक पुन्हा उघडली. हे काम करणारा कामगार बर्मिंगहॅमचा असो की लंडनचा, आटे कोरून काढताना त्याच्या हातांना काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. चांगले झालेले काम मुद्दाम बिघडविण्याची पाळी कारागिरावर क्वचितच येते.

या बंदुका ज्यांच्या खांद्यावर आल्या त्यांत आपल्या मुलखातील माणसे पुष्कळ. मुंबईच्या सैन्यात कोकणची भरती जुनी. मराठे आणि महार शिपाई मोठ्या संख्येने होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातूनच निवृत्त झाले आणि महार भरतीवर गदा आली तेव्हा सरकारला विनंतिपत्र लिहिण्यात ते पुढे होते. एनफील्ड मागे पडून गोऱ्या पलटणींस स्नायडर मिळाली तेव्हा देशी पलटणींस आट्यांची एनफील्ड आली. गोऱ्यांस मार्टिनी मिळाली तेव्हा देशींच्या हाती स्नायडर. एक पिढी मागे, हा नियमच होऊन बसला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने गावातल्या बंदुकीवरही परवाना आला, आणि म्हणून कोकणातील शेतकऱ्याच्या भिंतीवर ठासणीची बंदूक जेथे राहिली तेथे ती परवान्याच्या कागदासह राहिली.

१९१४ च्या सप्टेंबरात लाहोर डिव्हिजनचे देशी शिपाई फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. तेथे त्यांच्या जवळच्या रायफली काढून घेऊन गोऱ्या सैन्याच्या हातात होती तीच नवी रायफल त्यांना देण्यात आली. महिनाभराच्या आत ते आघाडीवर होते.